खिडकीची खोली कुणासाठी?

सुट्टीत कुठं जायचं हे आपल्याकडे पूर्वी फारसं ठरवावं लागत नसे. तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर. हात सैल असला तर महाबळेश्वर किंवा गोवा. आता त्यात जहाजाची भर पडली आहे. २०२१च्या सप्टेंबरात ‘कॉर्डेलिया’चं ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून सहलीच्या फेऱ्या करू लागलं. दोन रात्री, तीन रात्री, कधी त्याहून जास्त. कधी गोव्यापर्यंत, कधी लक्षद्वीपपर्यंत, कधी नुसतंच खोल समुद्रात जाऊन परत. पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेली आपल्या किल्लारीची पोरं आई-वडिलांना आणि लेकरांना घेऊन या जहाजावर जायचं म्हणतात, आणि बुकिंग करायला बसली की एका जागी अडतात. साधी खोली घ्यावी, की आणखी पैसे घालून वरच्या दर्जाची? माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी फोन करून हेच विचारलं. “बाई, तुम्ही सांगा.”

मी त्यात मनापासून लक्ष घातलं. जाऊन आलेल्यांना विचारलं, जहाजावर नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याकडून बारकावे समजून घेतले. या प्रश्नामागे बहुतेक वेळा असा बाप किंवा अशी आई असते, ज्यांचं लहानपण मी शिक्षिका म्हणून स्वतः पाहिलं आहे. म्हणून हे तुम्हा पालकांशी निवांत बोलावंसं वाटलं.

आधी खोल्या समजून घेऊ. सगळ्यात स्वस्त ती आतली खोली. ती जहाजाच्या पोटात असते, तिला खिडकीच नसते. दिवा मालवला की भर दुपारीही मिट्ट काळोख. तिच्यापेक्षा महाग ती समुद्र दिसणारी खोली. तिला खिडकी असते, पण ती उघडत नाही, नुसती काच. त्याच्या पुढे बाल्कनी असलेल्या खोल्या आणि सूट. तिथं जागा ऐसपैस, बसायला सोफा, जहाजावर चढताना रांगेत पुढे घेतात, असा सगळा मान. ‘एम्प्रेस’ १९९० साली बांधलेलं जहाज आहे आणि त्या काळच्या जहाजांना बाल्कन्या मोजक्याच असत, त्यामुळे त्यांचा भाव चढा असतो. मुख्य भोजनगृहातलं जेवण मात्र सगळ्यांना सारखंच, पोहण्याचा तलाव तोच, गाण्या-नाटकाचं सभागृह तेच, आणि वरच्या उघड्या डेकवर उभं राहून दिसणारा समुद्रही तोच.

पैशाचं एक नीट लक्षात घ्या. जहाजाचं भाडं माणशी असतं, आणि एका खोलीत दोघं राहणार हे धरून सांगितलेलं असतं. बुकिंग करताना ‘एवढ्याच जादा पैशात वरची खोली’ असं जे समोर येतं, तेही बहुधा माणशीच. समजा माणशी सहा हजारांचा फरक दिसला, तर चौघांच्या कुटुंबाला तो चोवीस हजारांपर्यंत जाऊ शकतो. वर कर. बंदराचं शुल्क आणि सेवेचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे, हेही विचारावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या माणसाचा दर बऱ्याचदा कमी असतो, तोही विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून फोनवर एकच प्रश्न टाका: “आमच्या सगळ्या कुटुंबाचे, सगळं धरून, साध्या खोलीचे किती आणि वरच्या खोलीचे किती?” दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा. दोन रात्रींच्या प्रवासात जागेपणी खोलीत तुम्ही किती तास असणार आहात, तेही त्याच कागदावर लिहा. लेकरं तर आंघोळीपुरती खोलीत येतात.

आता मनातलं बोलते: मोठ्या खोलीची ही ओढ येते कुठून?

१९९३ साली तुमच्यातले कितीतरी जण दुसरी-तिसरीत, चौथी-पाचवीत होते. गणपती विसर्जन करून गाव उशिरा झोपलं होतं आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. त्यानंतरची शाळा आपण पत्र्याच्या शेडमध्ये भरवली. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, पावसात माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचायचा नाही. ज्यांना कुणी उरलं नव्हतं अशी मुलं कुणी मामाकडे गेली, कुणी पुण्याला. भारतीय जैन संघटनेनं आपल्या भागातली बाराशेच्या आसपास मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली होती. राहिलेल्यांच्या अंगावर मदतीत आलेले कपडे, हातात मदतीत आलेल्या वह्या. आपल्याला काय हवं, हे त्या वयात तुम्हाला कुणी विचारलं नाही. जे आलं ते घ्यायचं.

पुढे घरं मिळाली. ज्या ५२ गावांची सगळ्यात जास्त हानी झाली ती नव्या जागी वसली, त्यात आपली किल्लारीही. घराचं माप कसं ठरलं होतं, ते तुम्ही लहान असूनही पाठ केलं होतं. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० आणि त्याहून मोठ्या शेतकऱ्याला ७५०. सरकारपुढे हजारो घरं एकदम बांधायचं काम होतं, कुठला तरी नियम लावणं भाग होतं, हे मला कळतं. पण वर्गात बसलेल्या मुलांना कळत होतं ते एवढंच, की कोण अडीचशेत राहतो आणि कोण साडेसातशेत. खेळताना भांडण झालं की तो आकडा तोंडातून बाहेर यायचा. अडीचशे फुटांत सहा-सात माणसं झोपायची. त्या घरातून शिकून जो पोरगा आज पुण्यात दोन बेडरूमच्या फ्लॅटचे हप्ते भरतो आहे, त्याच्यासमोर जेव्हा ‘आतली खोली’ आणि ‘सूट’ असे दोन चौकोन येतात, तेव्हा त्याचं बोट कुठं जातं हे मला न सांगता कळतं. “आम्हाला मिळालं नाही बाई, लेकरांना तरी मिळू द्या,” असं तो म्हणतो.

त्या वाक्याला मी कधीच नावं ठेवणार नाही. फक्त त्यातला एक धागा वेगळा करून तुमच्या हातात देते. मोठी खोली लेकरानं मागितलेली नाही. सहा वर्षांच्या पोराला विचारलं, तर त्याला भिंतीतून खाली येणारा वरचा पलंग हवा असतो, ज्याला शिडी असते. तो पलंग साध्या खोलीत असतो. मोठी खोली मागतं आहे ते अडीचशे फुटांतलं मूल, आणि ते तुम्ही आहात. त्या मुलासाठी घ्यायची असेल तर जरूर घ्या, त्याचाही हक्क आहे. पण ‘मी माझ्यासाठी घेतो आहे’ असं घरात उघड म्हणा. लेकरांच्या नावावर खर्च टाकलात, की त्यांच्याकडून कौतुकाची अपेक्षा येते. ती पुरी झाली नाही की राग येतो, आणि मग सहलीतच “तुमच्यासाठी एवढे पैसे घातले आणि तुम्ही मोबाइल बघत बसलात” असं बोलणं निघतं. मुलांनी मागितलेलंच नसतं. आपल्याकडून कुठलं देणं फेडायचं राहिलं, हेच त्यांना कळत नाही.

आता ज्यांच्याविषयी मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, ती घरातली म्हातारी माणसं.

बुकिंग करताना बहुतेक घरांत असं ठरतं, की नवरा-बायको आणि मुलं चांगल्या खोलीत, आजी-आजोबा आतल्या खोलीत. “त्यांना काय, रात्री झोपायचंच तर आहे.” इतर गावांत हे कदाचित चालून जात असेल. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी या गावांतल्या आजीसाठी हे ठरवण्याआधी क्षणभर थांबा. ती आजी दगड-मातीच्या जाड भिंतींच्या, वर मातीचं माळवद असलेल्या घरात झोपलेली होती. अंधारात ते सगळं खाली आलं. कुणाला काही तासांनी बाहेर काढलं, कुणाला दुसऱ्या दिवशी. त्यानंतर किती वर्षं आपली माणसं थंडीतसुद्धा अंगणात बाज टाकून झोपली, ते तुम्ही पाहिलं आहे. काही जण आजही दार पूर्ण लावून घेत नाहीत. अशा माणसाला खिडकी नसलेल्या, दार आपोआप बंद होणाऱ्या, दिवा गेला की हात न दिसणाऱ्या खोलीत ठेवायचं, हे बरोबर नाही. जादा पैसे घालायचे असतील तर ते घालायची जागा हीच आहे. बाल्कनी नको, सूट नको. एक खिडकी पुरे. पहाटे डोळा उघडला की उजेड दिसला पाहिजे.

पुण्यात राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्यानं आईला जहाजाचं सांगितलं. ती इथंच किल्लारीत असते. बेत सगळा पक्का झाला होता, पण ती काही केल्या हो म्हणेना. पैसे जास्त लागतात म्हणून ती नको म्हणते, असं मुलाला वाटलं, आणि आईला बरं वाटावं म्हणून तो सूट घ्यायला निघाला. मी तिच्याकडे गेले तेव्हा ती ओसरीत सुपात तूर निवडत बसली होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, “बाई, ते जहाज रातभर थरथरतंय म्हणं. मंग मला कसं कळावं, जहाज हालतंय का भूकंप आलाय?”

तिच्या मुलाला हे ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत तिनं ते कुणाला सांगितलंच नव्हतं.

तिचं म्हणणं खरं आहे. जहाजाचं इंजिन रात्रंदिवस चालू असतं आणि मागच्या बाजूच्या, खालच्या मजल्यांवरच्या खोल्यांत त्याची थरथर पलंगापर्यंत येते. नांगर टाकताना-उचलताना पुढच्या टोकाला साखळीचा खडखडाट होतो. पाण्याच्या ग्लासात बारीक लाटा उठतात. तुम्हा-आम्हाला त्यात काही वाटणार नाही. कदाचित झोपही छान लागेल. पण त्या पहाटेनंतर ज्यांच्या अंगात थरथर बसली आहे, त्यांचं शरीर विचार करायच्या आधी उठून दाराकडे धावतं. याला उपाय आहे, आणि त्याला फारसे पैसे लागत नाहीत. जहाजाचा नकाशा मागून घ्या. बुकिंग करणारे तो देतात. इंजिनापासून लांबची, मधली खोली मागा. आजीला निघण्याआधी स्पष्ट सांगा, की रात्री पलंग थरथरेल, ते इंजिन आहे. जहाजावर पोचल्यावर दुपारीच तिला पलंगावर बसवून, हात गादीवर ठेवायला लावून ती थरथर दाखवा. जहाज लोखंडाचं आहे, तिथं डोक्यावर माती आणि दगड नाहीत, हेही सांगा. हे ऐकून तिला हसू येईल असं समजू नका. तिला ते ऐकायचं असतं.

आणखी एक. प्रवास सुरू होताना सगळ्या प्रवाशांना संकटकाळची तालीम करावी लागते. समुद्रावरचा तो जगभरचा नियम आहे. सात छोटे आणि एक लांब असा भोंगा वाजतो, सगळ्यांना नेमून दिलेल्या जागी जमावं लागतं, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. हे आधी ठाऊक नसलं, तर घरातल्या मोठ्या माणसांची काय अवस्था होईल याचा विचार करा. त्या भोंग्याच्या वेळी नातवंडाचा हात आजीच्या हातात द्या. मूल तिला घेऊन जाईल आणि ती मुलाला. दोघांनाही काम मिळतं.

आता आणखी एक गोष्ट, जी भाड्याच्या तक्त्यावरून कळत नाही. उंच मजल्यावरच्या आणि टोकांच्या खोल्या जास्त हलतात. जहाज मध्यावर आणि खालच्या बाजूला सगळ्यात कमी डोलतं. बऱ्याच जहाजांवर सूट वरच्या मजल्यांवर असतात, म्हणजे जास्त पैसे देऊन घेतलेल्या खोलीत पोटात जास्त ढवळू शकतं. ज्या लेकराला एसटीत औसा येईपर्यंत उलटी होते, त्याला घेऊन सर्वांत वरच्या मजल्यावर जाण्यात काही अर्थ नाही. आपल्यातल्या बऱ्याच मुलांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे माकणीचं धरण. समुद्र अंगाला लागतो की नाही, हे त्यांनाही अजून माहीत नाही. आणि घरात चढणारं-उतरणारं मूल असेल, तर बाल्कनीचा हट्ट धरू नका. घेतलीच तर कठड्याजवळ खुर्ची राहणार नाही आणि सरकतं दार मोठ्या माणसाशिवाय उघडणार नाही, याकडे एकानं कायम लक्ष द्यायचं. दोन दिवस पहारा करण्यासाठी जास्तीचे पैसे देणं मला पटत नाही.

मुलांना या निर्णयात घ्यावं का, असं काही जण विचारतात. घ्यावंच. आपल्याकडे पैशाचं बोलणं मुलांसमोर करायचं नाही अशी रीत आहे; कर्जाचं, व्याजाचं, हमीभावाचं बोलणं निघालं की “जा रे, बाहेर खेळ.” त्यामुळे पोरांना पैसा दोनच रूपांत दिसतो. एक तर बाप ‘नाही’ म्हणतो तेव्हा, किंवा बाप मोबाइलवर बोट टेकवतो आणि वस्तू घरी येते तेव्हा. मधला हिशेब त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो.

तूर निवडणाऱ्या त्या आजीच्या घरात मग सगळे सुट्टीला आले असताना बसून हिशेब केला. सातवीतल्या नातीनं गणिताच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने केले. पहिल्या रकान्यात सगळ्यांच्या आतल्या खोल्या, दुसऱ्यात समुद्र दिसणारी एक आणि आतली एक, तिसऱ्यात सूट. भाडं, कर, लातूरपर्यंतची गाडी, रेल्वे, मुंबईतली टॅक्सी असं खाली खाली मांडत गेली. बेरीज झाल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यातला फरक पाहून ती आजोबांना म्हणाली, “आबा, हे सोयाबीनचं किती झालं?” आबांचा हात नकळत मिशीवर गेला. २०२४-२५ सालचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि त्या हंगामात बाजारात तेवढाही मिळाला नव्हता हे त्यांना कुणी सांगायला नको. त्यांनी चार हजारांनी धरायला सांगितलं. नातीनं भागाकार केला. मग आबांनी तिला विचारलं, आपल्या रानात एकरी किती उतारा पडतो ठाऊक आहे का? तिला ठाऊक नव्हतं. पाच वर्षांचा धाकटा तोवर कंटाळून बाहेर पळाला होता; त्यानं काही बिघडत नाही.

त्या संध्याकाळी कुणी कुणाला उपदेश केला नाही. “बघ, किती कष्टाचे पैसे असतात,” असंही कुणी म्हणालं नाही, आणि म्हणू नये असंच मला वाटतं. क्विंटलात केलेला हिशेब मुलाला घाबरवण्यासाठी नसतो. तसं केलंत तर जहाजावर आइस्क्रीम खातानाही त्याला आबांचं रान दिसेल. नंतर नातीनं स्वतःहून दुसऱ्या रकान्यावर टिचकी मारली आणि विचारलं, “मी आजीबरोबर खिडकीच्या खोलीत झोपू?”

काही पालकांना भीती वाटते, की साध्या खोलीत राहिल्यानं मुलांना कमीपणा वाटेल. जहाजावर दुसऱ्या मुलांशी ओळख होईल, ती सूटमध्ये असतील, मग? ही भीती मी उडवून लावत नाही. ज्यानं अडीचशे आणि साडेसातशेचे टोमणे ऐकले आहेत त्याला ती वाटणारच. पण मुलांना कमीपणा खोलीवरून येत नाही. आई-वडील त्या खोलीविषयी कुठल्या सुरात बोलतात, त्यावरून येतो. तुम्ही जहाजावर चढल्यापासून “या वेळी जमलं नाही, पुढच्या वेळी मोठी घेऊ” असं म्हणत राहिलात, तर मुलाच्या डोक्यात एवढंच राहील, की आपण चुकीच्या खोलीत आहोत. तुम्ही ठरवून घेतलेली खोली असेल, तर तिचं कारण मुलाला माहीत असतं. कुणी विचारलं तर ते सांगतं, आमच्या आजीला खिडकी लागते.

एकाच बोटीत वेगवेगळ्या दर्जानं जाणं आपल्या किनाऱ्याला नवं नाही. मुंबई-गोवा आगबोटी चालत होत्या तेव्हा, पुढे ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ यांच्या काळातही, खालचा डेक आणि वरचा डेक अशी विभागणी होतीच. मुंबईतल्या गिरण्यांतून, कचेऱ्यांतून सणाला गावी निघालेली कोकणातली माणसं डेकवर वळकटी पसरून रात्र काढत. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली, कान्होजी आंग्र्यांचं नाव लाभलेली. तिच्यातही सामायिक दालनातल्या बर्थपासून स्वतंत्र खोल्यांपर्यंत सगळं होतं. समुद्राकाठच्या घरांना बोट म्हणजे काय, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपल्याला नाही. आपण दुष्काळी मुलखातले. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली पोरं आज कॉलेजात किंवा नोकरीत आहेत. म्हणून एक गमतीची गोष्ट मुलांना आवर्जून दाखवायला सांगते: मोठी जहाजं नळाला येणारं गोडं पाणी बरंचसं समुद्राच्याच पाण्यातून तयार करतात. ते कसं, हे तिथल्या कर्मचाऱ्याला विचारायला लावा. लातूरच्या मुलानं विचारायचा तो प्रश्न आहे.

खोलीचा प्रश्न खरं तर जहाजाच्या आधी लातूरच्या फलाटावरच सुरू होतो. मुंबईची गाडी रात्रीची. स्लीपर काढायचं की एसी? तिथंही मला तेच सांगायचं आहे. आजीचे गुडघे दुखत असतील तर खालचा बर्थ मिळवण्याची धडपड आधी, एसीचा विचार नंतर. ज्येष्ठांना आणि ४५ वर्षांवरच्या महिलांना खालचा बर्थ देण्याची रेल्वेची सोय आहे, फक्त तिकीट काढताना वय बरोबर भरा. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण भाडं पडतं, न घेता अर्ध्यात होतं. पण रात्रभर दोघांनी एका बर्थवर अवघडून सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि तसंच जहाजावर चढायचं, हे करू नका. तिथं वाचवलेले पैसे जहाजावरच्या पहिल्या दिवसाच्या झोपेत जातात.

मग सूट कधीच घेऊ नये का? घ्यावा. घरात कुणी चाकाच्या खुर्चीवर असेल तर खोलीचं दार, बाथरूमचा उंबरठा, आत खुर्ची वळते का हे विचारा, आणि मोठी खोली लागत असेल तर बेधडक घ्या. तान्हं मूल अंगावर असलेल्या सुनेला दिवसा निवांत बसायला जागा हवी असेल तर घ्या. आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली आहेत आणि त्यांनी आयुष्यात कधी स्वतःसाठी काही घेतलेलं नाही, तर त्यांच्यासाठी घ्या, आणि त्या वेळी तुम्ही स्वतः आतल्या खोलीत जा. तुम्हाला स्वतःलाच हवा असेल आणि खिशाला जड नसेल तरी घ्या. फक्त हप्त्यांवर घेऊ नका. जहाजावरून उतरल्यावर सहा महिने त्या दोन रात्रींचे पैसे फेडत राहायचे, याला माझी साफ ना आहे. आणि निघायच्या आदल्या आठवड्यात ‘शेवटची संधी’ म्हणून फोन आला तर तिथल्या तिथं हो म्हणू नका. वहीतलं ते पान समोर घ्या, मग सांगा.

त्या घरानं शेवटी दुसरा रकाना धरला. आजी आणि नात मधल्या मजल्यावर, जहाजाच्या मध्याला, खिडकीच्या खोलीत. आबा, मुलगा, सून आणि धाकटा बरोबर समोरच्या आतल्या खोलीत, शिडीच्या पलंगासकट. दोन्ही दारं समोरासमोर हवीत हे नातीनंच बुकिंगवाल्याला फोनवर सांगितलं आणि तो हो म्हणेपर्यंत फोन ठेवला नाही. आजीनं विचारलेला शेवटचा प्रश्न वेगळाच होता: जहाजावर पहाटे चारला उठून चहा मिळतो का? माझ्या त्या जहाजावरच्या विद्यार्थ्याला विचारून सांगते म्हटलं आहे. सोयाबीन घरात आलं आणि हरभऱ्याची पेरणी उरकली, की ते निघणार आहेत.